खिडकीवरचा रक्तदाब

आमच्या पाणीपुरवठा कचेरीत तक्रारीची एकच खिडकी आहे आणि तिच्यावर एकोणीस वर्षं एकच बाई बसत होत्या. एका खुर्चीवर माणूस इतकी वर्षं बसला की तो त्या कामात मुरला असं आपण कौतुकाने म्हणतो. बाईंच्या बाबतीत नेमकं काय मुरलं आणि कुठे मुरलं, ते लिहून ठेवावं असं मला वाटतं. लिहिताना राग येणार आहे. त्यातला काही राग माझ्या स्वतःवरचा आहे, कारण ह्या कचेरीच्या आस्थापना शाखेचा हेडक्लार्क मीच.

आधी खिडकी सांगतो. एक मोठी काच आणि काचेच्या तळाशी अर्धगोल भोक. भोक इतकं खाली की बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागतं. ज्याच्या घरी तीन दिवस नळ कोरडा आहे, जो अर्ध्या दिवसाची रजा टाकून रांगेत उभा आहे, त्याला आम्ही आधी वाकवतो आणि मग त्याने गोड बोलावं अशी अपेक्षा धरतो. काचेच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, एक सूचना चिकटवलेली आहे. उलट उत्तर देऊ नये. कारण सांगू नये. दुरुस्तीची तारीख देऊ नये. समोरच्याला हवं असतं ते कारण आणि तारीख. नेमकं तेच द्यायचं नाही. मग उरतं काय? "नोंद घेतली," एवढे दोन शब्द.

बाई चिठ्ठी लिहायच्या, शिक्का मारायच्या, चार वाजता चिठ्ठ्यांचा गठ्ठा वर अभियंत्यांकडे जायचा. व्हॉल्व्ह अभियंत्यांचे, गळती अभियंत्यांची आणि शिव्या बाईंना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ह्यालाच.

"काय हो बाई, नळातून नुसती हवा येते. हवा पिऊ का?"

"नोंद घेतली."

"मागच्या आठवड्यातही घेतली होती. तुमच्या नोंदीने आंघोळ करू?"

"नोंद घेतली."

"पोपट बसवलाय नुसता! तुमच्या घरी येत असेल भरभरून, तुम्हाला काय पडलंय!"

बाईंचं घर चढावर होतं. वरच्या मजल्यापर्यंत पाणी कधीच चढत नसे. पहाटे उठून त्या खालच्या नळावरून चौदा बादल्या वर नेत आणि मग दहाच्या ठोक्याला खिडकीवर येऊन बसत. हे त्यांनी रांगेतल्या एकाही माणसाला सांगितलं नाही. कसं सांगणार? कारण सांगू नये.

कचेरीत त्यांना 'बर्फ' म्हणत. आमचे जुने शिपाईभाऊ नव्या माणसाला खिडकीजवळ नेऊन दाखवायचे, "हे बघा आमचं डोक्यावर बर्फ. तोंडात साखर नाही, पण बर्फ मात्र अस्सल." बाईही हसायच्या. मोठे साहेब, म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता, भाषणात त्यांचं उदाहरण देत. साहेबांचं एक आवडतं वाक्य होतं, "शिव्यांनी काही अंगाला भोकं पडत नाहीत." ते स्वतः कधी खिडकीच्या दहा फुटांच्या आत फिरकले नाहीत, हा भाग वेगळा.

दोन वर्षांपूर्वी बाईंची मान दुखायला लागली. मग दुपारचा डबा तसाच परत जायला लागला. अकराच्या सुमाराला छातीत धडधडतं आणि कानात कोणी पंप चालवतंय असं वाटतं, असं त्यांनी शेजारच्या टंकलेखिकेला सांगितलं. माझी शाखा दुसऱ्या मजल्यावर. एकदा त्या अर्ज घेऊन आल्या आणि दारातच चौकट धरून उभ्या राहिल्या. जिना चढून धाप लागली होती. अर्ज चार ओळींचा होता: प्रकृती ठीक राहत नाही, खिडकीऐवजी दुसरं कोणतंही काम द्यावं.

नियमाप्रमाणे मी त्यांना कचेरीच्या दवाखान्यात पाठवलं. इथे आमच्या कारभाराची एक गंमत सांगायला हवी. गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण तरी. आमची तक्रार खिडकी बुधवारी बंद असते, साठलेल्या चिठ्ठ्यांची छाननी करायला. आणि आमचा दवाखाना फक्त बुधवारी उघडा असतो, का तर त्या दिवशी माणसं मोकळी करता येतात, कामाचा खोळंबा होत नाही. ही सोय बारा वर्षांपूर्वी एका परिपत्रकाने केली. परिपत्रकाचा मसुदा माझा.

बुधवारी बाई मागच्या खोलीत बसून चिठ्ठ्या गल्लीवार लावत. पंखा, चहा, टंकलेखिकेच्या गप्पा. तिथून उठून दवाखान्यात जात. डॉक्टर वाईट नाहीत. पुस्तकात लिहिलंय तसं पाच मिनिटं शांत बसवत, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि मग दंडाला पट्टा बांधत. १२४ आणि ८०. चार महिन्यांनी दुसरा अर्ज, पुन्हा बुधवार. १२२ आणि ७८. तिसरा अर्ज, तिसरा बुधवार, १२६ आणि ८०. दर वेळी तोच शेरा: रक्तदाब सामान्य, कामास योग्य. आणि दर वेळी तोंडी सल्ला, "बाई, टेन्शन घेऊ नका."

घेऊ नका! जणू बाई ते बाजारातून पिशवी भरून घेऊन येत होत्या. रोज दहा ते चार आम्ही ते त्यांच्या पदरात टाकत होतो, शिक्का मारून, रांगेने.

पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मी तिन्ही अर्जांवर "वैद्यकीय अहवालानुसार विनंती अमान्य" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सही केली.

तिसऱ्या नकारानंतर एका सोमवारी बाईंचे यजमान माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. घाईत गळ्यातली टेप तशीच राहिली होती.

"हेडक्लार्कसाहेब, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा."

"माझ्याकडे एखादं गिऱ्हाईक आलं आणि मी त्याच्या कमरेचं माप पोट आत ओढायला लावून घेतलं, तर विजार कशी होईल?"

"घट्ट होईल."

"पहिल्याच जेवणाला बटण तुटेल. मग तो माझ्याकडे येईल आणि मी माप दाखवीन. म्हणीन, बघा, कागदावर तर बरोबर आहे, तुमचं पोटच चुकीचं आहे." त्यांनी माझ्या टेबलावरचे तीनही अहवाल एकाखाली एक लावले आणि तारखांवर बोट ठेवलं. "बुधवार. बुधवार. बुधवार. साहेब, तुम्ही माप बुधवारी घेता आणि कपडा गुरुवारी घालायला लावता."

मी तारखांकडे पाहत राहिलो. वार्षिक तपासणीत कोणाची पाच मिनिटांची उशिराची नोंद चुकली तरी माझ्या डोळ्यांतून सुटत नाही. हे सुटलं होतं.

"घरी कशा असतात?" मी विचारलं.

"घरी?" ते म्हणाले, "बोलतच नाही. परवा दूध ओतू गेलं, मी म्हटलं, अगं दूध! तर म्हणाली, नोंद घेतली. मला हसू आलं. मग मी पाहिलं, तर ती हसत नव्हती."

हृदयरोगाच्या एका बाहेरच्या डॉक्टरीणबाईंची वेळ त्यांनी आधीच घेतली होती. मी बाईंची रजा मंजूर केली. तेवढंच माझ्या हातात होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दंडाला चोवीस तास बांधून ठेवायचं एक यंत्र दिलं. ते दर अर्ध्या तासाने आपोआप फुगतं, आकडा टिपतं आणि गप्प बसतं. अट एकच होती, नेहमीच्या दिवशी नेहमीचं काम करायचं. यजमानांनी रात्रीतून बाही उसवून त्या पट्ट्यापुरती सैल करून दिली.

दिवस गुरुवार निवडला. बुधवारच्या बंदनंतरचा, सर्वांत दांडग्या गर्दीचा. मी नोंदवही तपासण्याच्या निमित्ताने बाईंच्या मागे खुर्ची टाकून बसलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या काचेच्या आतून बाहेर पाहिलं. आतून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. भोकातून फक्त तोंडं दिसतात, एकामागून एक, उघडी.

अकरा-सव्वाअकराला एक दणकट आजोबा आले. पुरावा म्हणून रिकामी बादलीच आणली होती. ती त्यांनी फळीवर दाणकन आपटली.

"ही बघा! नीट बघा! दिसतंय का एक थेंब तरी? नऊ दिवस झाले. नऊ! लाज नाही वाटत पगार घ्यायला?"

"नोंद—"

"खड्ड्यात गेली तुमची नोंद!" बादली पुन्हा आपटली.

त्याच वेळी बाईंच्या बाहीतून घर्रर्र असा आवाज सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाईंनी हात सैल सोडून फळीवर ठेवला. आजोबा वाकलेले होते, कान भोकाशीच.

"हे काय वाजतंय?"

"मशीन आहे," बाई म्हणाल्या.

"कसलं?"

"रक्तदाबाचं. दर अर्ध्या तासाने मोजतं."

आजोबांनी बादली खाली घेतली. "मलाही आहे. सकाळची गोळी चालू आहे." थोडं थांबून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "आत्ता माझ्यामुळे वाढला असेल का?"

बाईंनी दुसऱ्या हाताने चिठ्ठीवर शिक्का मारला. कारण सांगू नये.

"बरं, मग मी कुणावर ओरडू?" आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, त्यांना खरोखरच पत्ता हवा होता. मला पत्ता ठाऊक होता. जिना चढून दुसरा मजला, डाव्या हाताला, पडदा लावलेली मोठ्या साहेबांची खोली. मी वहीत मान घातली. आजोबा बादली घेऊन गेले आणि मागचा माणूस वाकला. त्याने मशीनचा आवाज ऐकला नव्हता.

यंत्रातल्या आकड्यांचा कागद आला त्या दिवशी यजमान मला डॉक्टरीणबाईंकडे सोबत घेऊन गेले. सकाळी घरी १३० आणि ८४. खिडकी उघडल्यावर अर्ध्या तासात १५६. बादलीच्या वेळी १८२ आणि १०८. चार वाजेपर्यंत आकडा दीडशेच्या खाली आलेला नव्हता. झोपेत तो जितका उतरायला हवा तितका उतरत नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोणी अंगावर धावून आलं की शरीराला दोनच गोष्टी कळतात, पळ किंवा लढ. त्यासाठी ते तयारी करतं. हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. खरंच पळालात तर ती तयारी कामी येते आणि मग सगळं खाली येतं. ह्यांना पळायची सोय नाही आणि लढायची परवानगी नाही. तयारी मात्र दिवसातून दीडशे वेळा." मग त्यांनी हृदयाचा सोनोग्राफीचा अहवाल पुढे केला. डाव्या बाजूच्या कप्प्याची भिंत जाड झाली होती. "हमालाचा दंड ओझी वाहून जाड होतो ना, तसंच हे. फरक इतकाच की जाड हृदय बळकट नसतं, ताठर असतं. हे एका गुरुवारात होत नाही. ह्याला वर्षं लागतात."

"म्हणजे खिडकीमुळेच?" यजमानांनी विचारलं.

"एकट्या खिडकीवर मी बोट ठेवणार नाही. वडिलांनाही रक्तदाब होता, वयही झालंय, झोप कमी आहे. पण ज्या आगीत आधीच लाकूड आहे तिच्यावर रोज तेल ओतायचं की नाही, हे तर आपल्या हातात आहे. गोळ्या मी देते. तेल तुम्ही थांबवा."

मी तो अहवाल, चोवीस तासांचा कागद आणि टिपणी लावून फाइल मोठ्या साहेबांसमोर ठेवली. त्यांनी उभ्याउभ्याच चाळली.

"हे गर्दीत मोजलंय. नियम काय सांगतो? पाच मिनिटं विश्रांती."

"नियम बरोबर आहे, साहेब. पण विश्रांतीत काय होतं ते आपल्याला तीनदा कळलंय. कामात काय होतं ते पहिल्यांदा कळलं."

"वडिलांना होता असंही लिहिलंय इथे. आनुवंशिक आहे हे. अहो, शिव्यांनी का कुठे—"

"भोक पडलेलं नाही, साहेब. भिंत जाड झाली आहे. अहवालात मापासकट आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत मी कोणत्याही साहेबाचं वाक्य मधे तोडलं नव्हतं.

"एक तास आपण बसून पाहावं, अशी विनंती आहे," मी म्हणालो.

"मी? खिडकीवर?" ते हसले. "मी तिथे बसलो तर निर्णय कोण घेणार?"

"तेच तर म्हणतोय, साहेब. निर्णय घेणारा तिथे कधी बसतच नाही."

आठ दिवस फाइल पडून राहिली. त्या आठ दिवसांत बाई गोळी घेऊन खिडकीवरच बसल्या. एका दुपारी त्यांना घेरी आली, तर जागेवरच पाणी शिंपडून रांग पुढे सरकवली. नवव्या दिवशी आदेश खाली आला. बदली मंजूर, नकाशा खोलीत. पण शेवटी एक ओळ जोडलेली: "सदर कर्मचारी स्वभावतः दुर्बल मनोवृत्तीच्या असून जनसंपर्काच्या कामास अपात्र आहेत. मान्य असल्यास सही करावी." ही ओळ सेवापुस्तकात जाणार आणि निवृत्तीपर्यंत राहणार.

दुर्बल! एकोणीस वर्षं, दिवसाला शे-दीडशे माणसं, आणि ब्र काढला नाही. आमच्या कचेरीत ह्या एका बाईइतकं ओझं कोणी वाहिलं नसेल, आणि ते मोजून दाखवणारा कागद त्याच फाइलमध्ये होता. पण चूक खिडकीची म्हटली तर खिडकी बदलावी लागते. बाईंची म्हटली की बाई बदलल्या, काम झालं.

साहेबांच्या खोलीत बाईंनी आदेश वाचला. दोनदा वाचला. मी शेजारी उभा होतो आणि खाली मान घालून विचार करत होतो, करतील सही. जीव वाचतोय. कोणीही करील. मीही "करा" असंच सांगितलं असतं.

"पेन द्या," त्या मला म्हणाल्या.

मी दिलं. त्यांनी ती शेवटची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ खोडली आणि खाली, मोकळ्या जागेत, स्वच्छ सही केली.

"बाई, हे काय? कार्यालयीन कागद आहे!" साहेब म्हणाले.

"मला बदली मान्य आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, कापत मात्र होता. "दुर्बल असते तर पहिल्याच वर्षी तुमच्या दारात येऊन ओरडले असते. मी बाहेरच्यांना इथपर्यंत येऊ दिलं नाही. त्याचं काय ते तुम्ही लिहा, नाहीतर लिहू नका."

"हेडक्लार्क, ही खाडाखोड चालणार नाही. नवीन प्रत काढा."

आमच्याकडे खाडाखोड चालत नाही हे खरं. पण खाडाखोडीशेजारी जबाबदार माणसाने सही केली की ती खाडाखोड राहत नाही, दुरुस्ती होते. मी कागद घेतला, खोडलेल्या ओळीच्या समासात "दुरुस्ती माझ्यासमक्ष, बरोबर आहे" असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि आवक-जावक नोंदीला क्रमांक टाकला. क्रमांक पडला की कागद पक्का. साहेब लाल झाले. त्यांचा दाब त्या क्षणी कोणी मोजला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

माझ्यावर खुलासा मागणारं ज्ञापन निघालं. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसावर निघालेल्या ज्ञापनाला किती उत्तर द्यायचं ते मला समजतं.

खिडकीवर नवीन माणूस नेमायचा आदेशही माझ्याकडेच आला. नाव एका नव्याने लागलेल्या मुलीचं. मी तो "खिडकी चालू असताना घेतलेला वैद्यकीय अहवाल जोडावा" एवढा शेरा मारून परत पाठवला. अजून आलेला नाही. तोवर खिडकी बंद ठेवता येत नाही म्हणून अभियंते पाळीपाळीने बसतात, दोन-दोन तास. पहिल्या दिवशी बसलेला अभियंता बाराला उठला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. तो कोणाशी न बोलता वर गेला, चिठ्ठ्यांचा गठ्ठा उपसला आणि सात महिने तुंबलेली एका गल्लीची तक्रार बाहेर काढली. चार माणसं आणि एक दुपार, एवढ्यात ती गळती मिटली. सात महिने बाईंनी तिच्यापायी शिव्या खाल्ल्या होत्या. एक दुपार!

बाई आता नकाशा खोलीत असतात. खोली शांत आहे. उंच कपाटं, मोठं टेबल, गुंडाळ्या. पहिल्या आठवड्यात मी सहज डोकावलो तर नकाशा अर्धा उलगडून त्या हात छातीवर ठेवून बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात नुकतेच दहा वाजले होते.

"काय होतंय? डॉक्टरांना बोलवू?"

"नको," त्या म्हणाल्या. "रोज ह्या वेळेला धडधडतं. खिडकी उघडायची वेळ ना. ह्याला अजून कोणी कळवलेलं नाही."

त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्या सुरूच राहतील. हृदयाच्या भिंतीची जाडी कदाचित थोडी उतरेल, कदाचित नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. मी खुर्ची ओढून बसलो. नकाशाचं दुसरं टोक धरलं. दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी छातीवरचा हात काढला आणि आम्ही नकाशा पूर्ण उलगडला.